बसतो म्हणाले, म्हणजे बसतो

प्रिय रान्दी,

पाकीट बघून घाबरू नकोस, कुणाला काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण तसलं नाही. फोन केला असता, पण घरात मी फोन कानाला लावला की तुझे बाबा शेजारच्या खोलीत रेडिओ बारीक करतात. डोळे अधू झाले, गुडघे कुरकुरतात, पण कान मात्र हरणाचे. बाहेर अंगणात जाऊन बोलावं, तर इतकी थंडी आहे की चार वाक्यांत ओठ आखडतात. शिवाय तू फोनवर म्हणतेस, "आई, थोडक्यात सांग, मला मीटिंग आहे." हे थोडक्यात सांगण्यासारखं नाही. मी इतकी वैतागले आहे की कुणाला तरी सविस्तर सांगितल्याशिवाय माझं डोकं ताळ्यावर यायचं नाही. तेव्हा कॉफी कर, दार लावून घे, आणि बस.

विषय आहे स्कीच्या बुटांचा. हसू नकोस. गेला दीड महिना या घरात दुसरा विषय नाही.

बाबांच्या जुन्या बुटाचा तळ जानेवारीअखेर तडकला. शेजारच्या शेलच्या शेतामागच्या चढावर. तिथून घरापर्यंत बाबा एका पायात बूट आणि दुसऱ्यात बूट अधिक दोरी अशा थाटात आले. त्याचं मला काही वाटलं नाही. बूट म्हातारे होते, मरायचेच होते. पण ईस्टरला वर डोंगरातल्या आपल्या केबिनवर जायचं, आणि तिथपर्यंत हिवाळ्यात रस्ता नाही, स्कीवरूनच जावं लागतं, हे तुला मी काय सांगू. शिवाय यंदा यूनी पहिल्यांदाच सगळं अंतर स्वतःच्या स्कीवर कापणार, आणि आजोबा पुढे चालून तिच्यासाठी बर्फात माग पाडणार, असं तुझ्या लेकीनं त्यांच्याकडून फोनवर वदवून घेतलंय. त्या दिवसापासून हा माणूस वाढदिवसाच्या पोरासारखा वागतोय. स्कीला मेण लावून झालं. काठ्यांचे पट्टे नवे झाले. वाटेत खायला संत्री कुठली घ्यायची तेसुद्धा ठरलं. नव्हते ते फक्त बूट.

आता तू मला सांग, तुझ्या बापासारखा बुटांच्या बाबतीत छळवादी माणूस या खोऱ्यात दुसरा आहे का? तुझ्या लहानपणी आपण ओट्टा गावातल्या दुकानात एका जोडीपायी अख्खा शनिवार घालवायचो. टाच सैल आहे. चवडा आवळतो. वाकलं की वर घडी पडते आणि ती बोटांना चावते. मग घरी आणून जाड मोजे चढवून आठवडाभर स्वयंपाकघरात खटखट फिरायचं, आणि शनिवारी परत द्यायला जायचं. दुकानदार आपल्याला बघून मागच्या खोलीत पळायचा. शरद ऋतूत शाळेच्या हॉलमध्ये जुन्या स्की-बुटांच्या अदलाबदलीचा बाजार भरतो, तिथे बुटांच्या टेबलामागे इतकी वर्षं हेच उभे. गावातल्या प्रत्येक आईला ऐकवायचे, "अगं, पोराला 'बसतो का' असं विचारतेस काय? त्याला तो बूट आवडलाय, तो हो म्हणणारच! अंगठा कुठे आहे ते विचार. टाच उचलायला सांग. आणि तोंडाकडे बघ त्याच्या, पायाकडे नको." आयांना राग यायचा, पण ऐकायच्या. बस चालवून निवृत्त झालेल्या माणसाला गावात कुणी एवढं विचारत नाही, पण बूट म्हटलं की आर्विद.

तर आम्ही ओट्टाला गेलो. मी विणकाम बरोबर घेतलं होतं, दिवस जाणार हे धरूनच. दुकानात आता सिलिये असते, चांगली मुलगी आहे, चटपटीत. तिनं पहिली जोडी आणली. बाबांनी उजव्या पायात बूट चढवला, उठले, आरशापर्यंत गेले, परत आले आणि म्हणाले, "मस्त बसतो. बांधून दे." मी विणकामाची पिशवी उघडलीसुद्धा नव्हती. सिलियेच म्हणाली, "आर्विद, निदान डावा तरी घालून बघा की!" तर म्हणतात, "जोडीतलाच आहे ना? मग तोही बसणार. भांडणं माणसांच्या जोडीत असतात, बुटांच्या नाही." सगळे हसले. मीही हसले. खरं सांगते, मला इतका आनंद झाला की मी त्यांना कॉफी आणि वॅफल खाऊ घातलं, वर साखर निघाल्यापासून बंद केलेला जॅमही चमचाभर घालू दिला. म्हटलं, म्हातारपणी का होईना, शहाणपण आलं.

घरी आल्यावर शहाणपण बाहेर पडलं. बुटाच्या तळाची दांडी आपल्या स्कीवरच्या पकडीत शिरेच ना. पकड जुन्या पद्धतीची, बूट नव्या पद्धतीचा. अगं, हे तर यूनीलाही कळतं! बुटाआधी तळ बघायचा, हे या माणसानं अर्ध्या गावाला शिकवलंय. शेल कॉफीला आला होता, तो तर खुर्चीवरून पडायचाच बाकी होता. "आर्विद, बस घेऊन निघालास आणि चाकं घरीच विसरलास की रे!" बाबा हसले नाहीत. कपाटाकडे तोंड करून बूट खोक्यात घालत बसले. मला तेव्हाच काहीतरी खटकायला हवं होतं. पण मी चिडले होते. पुन्हा ओट्टा, पुन्हा पेट्रोल, आणि मंगळवार माझा गायनमंडळाचा.

दुसऱ्या खेपेला सिलियेकडे आपल्या पकडीला चालेल अशी एकच जोडी उरलेली. चव्वेचाळीस नंबर. बाबांचा पाय त्रेचाळीस. पुन्हा तेच, एक पाय घातला, आरशापर्यंत फेरी, "मस्त बसतो." मी म्हटलं, "अरे, एक नंबर मोठा आहे." तर म्हणतात, "मोजा जाड घालीन." मी म्हटलं, "टाच उचलून दाखव." तर वसकन अंगावर आले, "गुन्वोर, पाय माझा आहे की तुझा?" दुकानात. सिलियेसमोर. चाळीस वर्षांत हा माणूस माझ्यावर चारचौघांत कधी ओरडला नव्हता. मी गाडीत घरापर्यंत खिडकीबाहेर बघत आले.

मग आठवडाभर नेहमीची स्वयंपाकघरातली खटखट. फक्त आवाज बुटांचा, माणसाचा नाही. एक तक्रार नाही. बटाटे सोलताना मी मुद्दाम विचारायची, "चावत नाही ना कुठे?" "नाही." "घडी पडते?" "नाही." मला बरं वाटायला हवं होतं, पण घर मुकं झाल्यासारखं वाटत होतं. ज्या माणसाच्या कुरकुरीनं इतकी वर्षं माझ्या नाकी नऊ आणले, तो कुरकुर करत नाही म्हणून मला काळजी वाटावी, म्हणजे बघ.

शनिवारी मी मोजे धुवायला घेतले. डाव्या मोज्याचं टोक वाळून कडक झालेलं, तपकिरी. आधी वाटलं कॉफी सांडली. पाण्यात घातल्यावर ती कॉफी नाही हे कळलं. मी तशीच ओल्या हातानं गेले आणि डाव्या बुटात हात घातला. रान्दी, आत टोकाशी कागदाचा बोळा होता. नव्या बुटात कोंबतात ना आकार राहावा म्हणून, तो. दगडासारखा घट्ट झालेला. बाबा आठवडाभर तो बोळा बोटांनी रेटत या घरात फिरत होते, आणि त्यांना पत्ता नव्हता.

मी बोळा टेबलावर ठेवला, त्यांच्या ताटलीशेजारी. ते ब्रेडवर तपकिरी चीज लावत होते. बघितलं, आणि काय म्हणावं या माणसानं? "तो मीच ठेवलाय. बूट मोठा आहे ना, भर म्हणून." इतकं वाईट खोटं मी यूनीकडूनसुद्धा ऐकलेलं नाही. मी म्हटलं, "मोजा काढ." म्हणाले, "जेवतोय." म्हटलं, "आर्विद, मोजा काढ." म्हणाले, "तुझ्यासमोर नाही काढणार." माझ्यासमोर! ज्या बाईनं यांची उलटी काढली, यांची मूळव्याध काढली, यांच्या घोरण्याचा कारखाना चाळीस वर्षं सोसला, तिच्यासमोर मोजा काढायची लाज? माझं टाळकं सरकलं. मी तो डावा बूट उचलला आणि व्हरांड्याचं दार उघडून बर्फात भिरकावला. शेल नेमका पायवाट साफ करत होता. त्यानं बूट उचलला, माझ्याकडे बघितलं, आणि शहाणा माणूस, तो फाटकाच्या खांबावर ठेवून निघून गेला.

सोमवारी मी त्यांना आरोग्य केंद्रात घेऊन गेले. घेऊन गेले म्हणजे गाडीच्या किल्ल्या माझ्या खिशात होत्या. करंगळीला जखम, बोराएवढी, आणि शेजारच्या बोटाची कड सोललेली. डॉक्टर रागावले नाहीत, हेच मला जास्त लागलं. त्यांनी विचारलं, "दुखत नव्हतं?" बाबा म्हणाले, "थोडंसं." मग डॉक्टरांनी त्यांना डोळे मिटायला सांगितले. त्यांच्याकडे एक बारीक कडक धागा असतो, मासे पकडायच्या दोरीसारखा. तो तळव्याला टेकवायचा, आणि जाणवलं की पेशंटनं "हो" म्हणायचं. डॉक्टरांनी धागा अंगठ्याला टेकवला. बाबा म्हणाले, "हो." चवड्याला टेकवला. "हो." मला इतकं हायसं वाटलं! मग डॉक्टरांनी हात मागे घेतला. धागा हवेत. पायाला काहीच लागत नव्हतं. बाबा म्हणाले, "हो." जरा थांबून परत म्हणाले, "हो." डोळे मिटलेले, चेहरा एकदम शहाण्या विद्यार्थ्यासारखा. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत बसले, कारण मला रडायचं नव्हतं, निदान तिथे नाही.

साखरेनं पायांना अशी बधिरता येते म्हणे, हळूहळू, मोज्यासारखी वर चढत जाते. दोन वर्षांपासून असणार. दरवर्षी तपासणीला बाबा एकटे जायचे, आणि मी विचारलं की म्हणायचे, "पाय उत्तम." मला वाटायचं डॉक्टर तसं म्हणाले. ते यांचं स्वतःचं मत होतं! बरं, डॉक्टरांनी काही स्की बंद करा असं सांगितलं नाही. ते म्हणाले, जखम आधी पूर्ण भरू दे, ईस्टरपर्यंत भरेलही. मग बोटांशी ऐसपैस असलेला, आत टोचणारी शिवण नसलेला बूट घ्या. वाटेत थांबून पाय बघा, संध्याकाळी परत बघा. स्वतःला जाणवत नाही, तर दुसऱ्या कुणी बघायचं. एवढंच. साधी गोष्ट. कुठल्याही अक्कल असलेल्या माणसानं म्हटलं असतं, ठीक आहे, गुन्वोर, तू बघत जा.

पण हे आर्विद. नर्स येऊन पट्टी बदलते, तेव्हा मला स्वयंपाकघरात जायला सांगतात. नर्सला पाय दाखवतील, मला नाही. परवा शेल कॉफीला आला आणि बिचारा चांगल्या मनानं म्हणाला, "आर्विद, मी तसंही तुमचं सामान स्नोस्कूटरनं वर नेणारच आहे. मागच्या सीटवर तूही बस की, कुणाला काय कळतंय!" बाबांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "स्कूटरवर सामान जातं, शेल. माणसं नाही." शेल गोरामोरा झाला. मी म्हटलं, "शेजारच्या केबिनचा म्हातारा नाही का जात, कंबरेच्या ऑपरेशननंतर?" तर म्हणाले, "त्याला नातीच्या पुढे चालायचं नसतं." आणि उठून कोठारात गेले. मी खिडकीतून बघत होते. ते स्की हातात घेऊन उभे होते, नुसतेच. मला त्यांची इतकी दया आली, आणि दुसऱ्याच क्षणी इतका संताप, की मी कपबशा धुताना एक बशी फोडली.

मी कशावर चिडले आहे, ते सांगते. आजारावर नाही. आजार येतात. मी चिडले आहे ती या माणसानं मला पाहुण्यासारखं वागवलं म्हणून. आपल्याला जमिनीची जाणीव राहिली नाही, हे दोन वर्षं मनात घेऊन तो माझ्या शेजारी झोपला. पहाटे थंड पाय माझ्या पायांना लागायचे, आणि मी म्हणायची, "अरे, काय बर्फ आहे हा!" आणि तो हसायचा. त्या वेळी सांगायचं होतं. अंधारात सांगितलं असतं तर मी तोंडही बघितलं नसतं. मी म्हटलं असतं, बरं, आता काय करायचं ते करू. त्याला वाटलं मी स्की काढून घेईन. आणि खरंच सांगू? तो बोळा हातात होता तेव्हा मी काढून घेतल्या असत्या. त्याच दिवशी, कायमच्या. त्यानं ते माझ्या चेहऱ्यावर वाचलं असणार. म्हणून आता मी कितीही गोड बोलले तरी तो माझ्या हातात पाय देत नाही.

बूट मी शेलला देऊन टाकले. त्याला चव्वेचाळीस लागतो, आणि कागदाचा बोळा तो आधी काढतो. तेव्हा घरात सध्या बूट नाहीत. ओट्टाच्या दुकानात तर हे पाऊलही टाकणार नाहीत. सिलिये विचारेल, आणि मग खोरंभर होईल.

आता पत्राचं कारण. शुक्रवारी दुपारच्या गाडीनं बाबा त्रोन्हाइमला तुमच्याकडे येतायत. तुला त्यांनी सांगितलं असेल, यूनीची आठवण येते म्हणून. मलाही तेच सांगितलं. पण शेलपाशी त्यांनी चौकशी केली, त्रोन्हाइममध्ये स्कीचं मोठं दुकान कुठलं. ते तुला घेऊन बूट घ्यायला जाणार आहेत, आणि दुकानाच्या दारात म्हणतील, "आईला सांगू नकोस." तू म्हण, नाही सांगणार. आणि नकोच सांगूस, मला तुझ्याकडून चुगली नकोय. मला फक्त ते पाय कुणीतरी बघायला हवेत, आणि ते मला बघू देत नाहीत. तुला देतील. तू त्यांचा बूट कधी बर्फात फेकला नाहीस. बाकावर बसले की तू खाली जमिनीवर बस, त्यांचे मोजे काढ, आणि पाय मांडीवर घे. ते म्हणतील, काय चाललंय, लोक बघतायत. बघू देत. प्रत्येक बुटात आधी तुझा हात घाल, मग त्यांचा पाय. ते लगेच हो म्हणतील, तू ऐकू नकोस, तुझी बोटं काय सांगतात ते ऐक. बसणारा सापडला तर घे. नाहीच सापडला, तर तिथेच, पाय मांडीवर असताना, त्यांना तोंडावर सांग की नाही बसत, बाबा. रागावतील, रडतीलही, मी त्यांना रडताना बघितलेलं नाही, तुझ्या नशिबी असेल. रात्री मला फक्त एवढं कळव, बूट आहेत की नाहीत. नसतील, तर मी दुसऱ्याच दिवशी शेलकडे जाऊन स्कूटरची मागची सीट माझ्यासाठी मागते. माझे पाय ठणठणीत आहेत, सगळ्या गावाला माहीत आहे. मी भर दिवसा, चर्चपुढून, सगळ्यांच्या देखत त्या स्कूटरवर बसून वर जाईन. एकदा गुन्वोर गेली म्हटल्यावर, दुसऱ्या खेपेला आर्विद गेला तर कुणी मान वळवून बघणार नाही.

तुझीच, चिडलेली,
आई